धमकीचं पत्र आणि वकीलपत्र



आज मी तुमच्याशी एका पत्राविषयी बोलणार आहे. पत्र जुनं आहे. ख्रिस्तपूर्व ७०१ सालचं, म्हणजे सुमारे २७०० वर्षांपूर्वीचं. पाठवणारा होता अश्शूरचा सम्राट सन्हेरीब. आजच्या इराकमधल्या मोसुल शहराजवळ निनवे ही त्याची राजधानी होती. ज्याला पाठवलं तो यहूदाचा राजा हिज्कीया, डोंगरावरच्या यरुशलेम नगरीत बसून एक लहानसं राज्य सांभाळणारा. मजकूर थोडक्यात असा होता की, तुझा देव तुला वाचवील या भ्रमात राहू नकोस. आम्ही किती राज्यं धुळीला मिळवली ते तुझ्या कानावर आलंच आहे. त्यांनाही देव होते, त्या देवांनी काय केलं?

बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ही हकीकत येते. कुणी विचारील, मुसलमान माणसाने बायबलवर का बोलावं? एक कारण माझ्या धर्मातच आहे. तौरात, जबूर आणि इंजील यांचा आदर आम्हाला लहानपणीच शिकवतात. प्राचीन इतिहासकार तबरी यांच्या ग्रंथात शाया नबी आणि चाल करून आलेला सन्हेरीब यांची कथा आहे. तिथे राजाचं नाव तेवढं वेगळं आहे. दुसरं कारण मराठी. मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वाढलो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं हे नगर. आमच्या वर्गात निम्मी मुलं चर्चच्या वस्तीतली. त्यांच्या घरी नाताळच्या करंज्या खाल्ल्या आणि त्यांच्याच कपाटातलं बायबल मराठीत वाचलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं दिली. हा ठेवा फक्त ख्रिस्ती मराठी माणसाचा आहे असं मी मानत नाही.

तर त्या पत्राकडे वळू. पत्र येण्याआधी बरंच काही घडलं होतं. उत्तरेचं इस्राएलचं राज्य ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने बुडवलं होतं. लोकांना कुटुंबकबिल्यासह उचलून दूरदेशी नेऊन टाकलं होतं. आता पाळी यहूदाची होती. सन्हेरीबने एकामागून एक तटबंदीची गावं घेतली. हिज्कीयाने आधी पैसे देऊन सुटका होते का ते पाहिलं. बायबल सांगतं की त्याने तीनशे किक्कार चांदी आणि तीस किक्कार सोनं दिलं, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा उचकटून काढला. फौज तरीही आलीच. धमकी देणाऱ्याला पैसे मिळाले की तो निघून जात नाही, धमकीचा भाव वाढवतो, हे तेव्हाही खरं होतं.

मग रब्शाके आला. हे नाव नव्हे, हुद्दा आहे. अश्शूरच्या दरबारातला मोठा अधिकारी. तो यरुशलेमच्या तटाखाली, वरच्या तळ्याच्या पाटाशी, परिटांच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर उभा राहिला. हिज्कीयाचे तीन अधिकारी त्याला भेटायला बाहेर आले. त्याने बोलायला सुरुवात केली ती यरुशलेमच्या लोकांच्या भाषेत. अधिकाऱ्यांनी विनवलं, आमच्याशी अरामी भाषेत बोला, ती आम्हाला कळते. तटावर लोक बसले आहेत, त्यांच्या भाषेत बोलू नका. त्यावर तो म्हणाला, मला तुमच्याशी कुठे बोलायचंय? मला त्या तटावरच्या लोकांशीच बोलायचं आहे. आणि मग मोठ्याने, त्यांच्या मायबोलीत, वेढा पडल्यावर त्यांच्यावर काय खायची आणि काय प्यायची वेळ येईल ते त्याने सांगितलं. ते शब्द मी इथे उच्चारत नाही.

कवी म्हणून मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो. परक्या भाषेतली धमकी कानाशी थांबते. आपल्या भाषेतली धमकी सरळ स्वयंपाकघरापर्यंत येते. आणि रब्शाके नुसता ओरडत नव्हता, हुशारीने बोलत होता. त्याने आधी मदतीची आशा तोडली: मिसरवर टेकाल तर ती चिरलेली बोरूची काठी आहे, हातात घुसेल. मग चेष्टा केली: दोन हजार घोडे मी देतो, स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? मग श्रद्धेलाच हात घातला: तुमच्याच देवाने मला इथे पाठवलं आहे. शेवटी गोडी लावली: शरण या, आपापल्या द्राक्षवेलीची फळं खा, आपापल्या विहिरीचं पाणी प्या, नंतर मी तुम्हाला अशाच एका छान देशात नेईन. म्हणजे हद्दपारीच, पण तिला प्रवासाचं नाव. आजही धमक्या याच चार पायऱ्यांनी येतात. तुमच्यामागे कुणी नाही, तुमच्यात दम नाही, देव आमच्या बाजूला आहे, आणि ऐकलंत तर तुमचंच भलं आहे.

तटावरचे लोक यावर काय म्हणाले? काहीच नाही. राजाची आज्ञा होती की उत्तर देऊ नका. त्यांचं मौन मला भ्यालेल्या माणसाचं वाटत नाही. उत्तर कुणाला द्यायचं, हे ठरलेलं असलं की माणूस गप्प राहू शकतो.

मलाही एकदा अशी पत्रं आली आहेत. २०११ साली एका दिवाळी अंकात माझी कविता छापून आली होती. पंढरीच्या वाटेवर एका मुसलमान चहावाल्याने वारकऱ्याच्या पायाला मलम लावलं, एवढाच तिचा विषय. महिन्याभरात दोन पाकिटं आली, दोन्ही निनावी. एकात लिहिलं होतं की विठ्ठलाचं नाव घेण्याचा तुला अधिकार नाही, पुन्हा लिहिलंस तर हात राहणार नाहीत. दुसऱ्यात लिहिलं होतं की तू दीन सोडलास, तुझ्या जनाज्याला कुणी उभं राहणार नाही. दोघांचंही मराठी उत्तम होतं. एकाचं शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा चांगलं. मला वाईट वाटलं ते त्याचंच. ज्या भाषेत मी मुलांना निजवलं, तीच भाषा पाकिटात घालून कुणी मला पाठवली होती.

बायकोने दोन्ही पत्रं वाचली. म्हणाली, "आधी नमाज पढून घ्या. मग या पत्रांच्या झेरॉक्स काढा आणि चौकीत अर्ज द्या. आणि शनिवारी नेवाश्याला कविसंमेलन आहे ना, तिथे जायचंय." तिने क्रम बरोबर लावला होता. त्या रात्री मला हिज्कीया आठवला.

कारण हिज्कीयाने काय केलं ते पाहा. पत्र हाती आलं, ते त्याने वाचलं. मग तो मंदिरात गेला आणि ते पत्र देवासमोर पसरलं. संपूर्ण बायबलमध्ये मला आवडणाऱ्या कृतींपैकी ही एक आहे. त्याने पत्र फाडलं नाही, जाळलं नाही, लपवलं नाही. उघडून ठेवलं, की हे बघ, असं असं लिहिलं आहे. आणि प्रार्थनेत त्याने एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली, की अश्शूरच्या राजांनी देश उद्ध्वस्त केले हे खरंच आहे. संकट लहान करून सांगितलं नाही. देवावर भरवसा म्हणजे धोका नाहीच असं म्हणणं, असा समज पुष्कळांचा असतो. हिज्कीयाची प्रार्थना तसं म्हणत नाही. ती म्हणते, धोका पत्रात लिहिला आहे तेवढाच आहे, पण शेवटचा शब्द पत्र लिहिणाऱ्याचा नाही.

आमच्याकडे या भरवशाला तवक्कुल म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला अनोळखी वाटेल, पण त्याचा सख्खा भाऊ रोज आपल्या तोंडी असतो: वकील. अरबीत दोन्ही शब्दांचं मूळ एकच. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव अल्-वकील आहे. ज्याच्यावर आपलं काम सोपवावं असा. तवक्कुल म्हणजे त्याला आपला वकील करणं. आपल्या साध्या मराठीत, वकीलपत्र देणं.

ज्याने तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढली आहे, त्याला वकीलपत्राचा अर्थ सांगायला नको. वकिलापाशी सगळे कागद द्यावे लागतात, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. वकिलापासून लपवलं तर खटला तिथेच पडतो. हिज्कीयाने विरोधी पक्षाचा कागद जसाच्या तसा पुढे ठेवला. दुसरं, वकील दिला म्हणून तारखेला जाणं चुकत नाही. सातबारा आपणच काढायचा, साक्षीदार आपणच शोधायचे. आणि तिसरं, एकदा वकील दिला की समोरच्याच्या दारात जाऊन शिवीगाळ करायची नसते. जे बोलायचं ते योग्य जागी बोललं जातं. तटावरचं ते मौन मला इथे समजतं.

तारखेला जाणं हिज्कीयानेही चुकवलं नव्हतं. यरुशलेमचं पाणी म्हणजे गीहोनचा झरा, आणि तो तटाच्या बाहेरच्या उतारावर. वेढा पडला तर शत्रू पाणी पिणार आणि शहर तहानेनं मरणार. म्हणून त्याने बाहेरचे झरे बुजवले, कोसळलेला तट बांधून काढला, ढाली आणि हत्यारं करवली आणि झऱ्याचं पाणी डोंगराच्या पोटातून शहरात आणलं. तो बोगदा आजही आहे. सुमारे ५३३ मीटर लांबीचा, नागमोडी, सलग कातळातून खोदलेला. पाण्यातून चालत माणसं आजही त्यातून जातात. १८८० साली त्याच्या भिंतीवर एक जुना लेख सापडला. तेव्हा यरुशलेम तुर्की सुलतानाच्या राज्यात होतं, म्हणून तो लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात लिहिलं आहे की खोदणाऱ्यांच्या दोन तुकड्या दोन टोकांकडून निघाल्या होत्या. मधे थोडाच कातळ उरला तेव्हा त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू आले, आणि मग टिकावाला टिकाव भिडून पाणी वाहू लागलं. उरलेल्या मजकुरात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. आहे ते मजुरांचं काम. बहुतेक अभ्यासक हा बोगदा हिज्कीयाच्या काळातलाच मानतात.

यशया संदेष्ट्याने मात्र याच तयारीवरून शहराला खडसावलं होतं. तुम्ही पाणी साठवलंत, घरं पाडून तटाला दगड लावलेत, पण ज्याने हे मुळात घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. त्याचा राग तयारीवर नव्हता, तयारीलाच देव समजण्यावर होता. बोगदाही हवा आणि मंदिरात पसरलेलं पत्रही हवं.

माझ्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्टही हेच सांगते. इसवी सन ६२२ मध्ये मक्केत जिवाला धोका निर्माण झाला तेव्हा हजरत पैगंबर आणि अबू बक्र सौर नावाच्या गुहेत लपले. पाठलाग करणारे तोंडाशी आले. अबू बक्र कासावीस झाले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना धीर दिला की दुःख करू नकोस, अल्लाह आपल्यासोबत आहे. ही गोष्ट सगळे सांगतात. पण चरित्रकारांनी पुढचंही लिहून ठेवलं आहे. सांडण्या आधीच तयार होत्या. अबू बक्र यांचा मुलगा रोज बातमी आणत होता, मेंढपाळ मेंढरं हाकून पावलांच्या खुणा पुसत होता. आणि वाटाड्या म्हणून जो माणूस पैसे देऊन ठरवला होता, तो मुसलमान नव्हता. देवावर भरवसा होता म्हणून माणसावरचा विश्वास उडाला नव्हता.

आता थोडं अवघड बोलतो. यरुशलेम वाचलं. बायबल म्हणतं की देवदूताने एका रात्रीत छावणीतले १ लाख ८५ हजार मारले. इतिहासकार रोगराई, मिसरची फौज, खंडणी अशी निरनिराळी कारणं देतात. सन्हेरीबचा स्वतःचा लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात ४६ गावं घेतल्याचा, भली मोठी खंडणी मिळाल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचा तोरा आहे. शहर जिंकल्याचा दावा मात्र नाही. पुढे ख्रिस्तपूर्व ६८१ मध्ये सन्हेरीबला त्याच्याच मुलांनी मारलं. बायबल सांगतं की तो तेव्हा आपल्या देवाच्या देवळात पूजा करत होता.

पण त्याच म्युझियममध्ये लाखीशची शिल्पं आहेत. सन्हेरीबच्या राजवाड्याच्या भिंतीवरून काढून आणलेली. लाखीश हे यहूदाचं यरुशलेमखालोखाल महत्त्वाचं शहर. ते पडलं. शिल्पात बैलगाडीवर बोचकी लादून निघालेली माणसं आहेत, बायका आहेत, लेकरं आहेत. याच लढाईत, त्याच देवाची प्रार्थना करणारी. त्यांचा भरवसा कमी पडला असं म्हणायची माझी हिंमत नाही. तसं बायबलही म्हणत नाही.

उलट, देव आपल्या खिशात आहे असं मानणाऱ्यांना बायबलच फटकारतं. हिज्कीयानंतर शंभरएक वर्षांनी यरुशलेमच्या लोकांना वाटू लागलं की हे देवाचं मंदिर आहे, म्हणजे शहर पडणंच शक्य नाही. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, मंदिराच्या नावावर जाऊ नका. परक्याला, अनाथाला, विधवेला छळणं सोडा, न्यायाने वागा. यावरून त्यालाच जिवे मारण्याची धमकी मिळाली. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास ते शहर आणि ते मंदिर जळालं. ज्या देवावर हिज्कीयाने भरवसा ठेवला, त्याच देवाचं नाव घेऊन ही माणसं निर्धास्त झाली होती. फरक भरवशात आणि मस्तीत होता.

नव्या करारात हेच अधिक स्पष्ट दिसतं. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र आणि योहान यांना धर्मसभेने धमकावून सोडलं, की येशूच्या नावाने पुन्हा बोलाल तर याद राखा. ते आपल्या माणसांत परतले आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. त्यांनी देवाला म्हटलं, त्यांच्या धमक्यांकडे पाहा. म्हणजे पुन्हा तेच, पत्र पसरून ठेवणं. पण मागणं पाहा. धमकी देणाऱ्यांचा नाश कर असं ते म्हणाले नाहीत. आमचा जीव वाचव असंही नाही. त्यांनी मागितलं धैर्य, आपलं बोलणं चालू ठेवण्याचं. पुढे त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि पेत्र तुरुंगातून सुटतो. एकाच अध्यायात दोन्ही. प्रार्थना करणारी माणसं तीच. एक का गेला आणि एक का राहिला, याचा खुलासा लेखक करत नाही. दोघांनी बोलणं सोडलं नव्हतं एवढंच आपल्याला कळतं.

म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही की देवावर सोडा, काही होणार नाही. वकीलपत्र दिलं म्हणजे निकाल आपल्याच बाजूने लागतो असं नाही. पण वकीलपत्र दिलेला माणूस आणि न दिलेला माणूस यांची रात्र वेगळी जाते. एक जण रात्रभर समोरच्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहतो. दुसरा ते एकदा नीट वाचतो, जिथे ठेवायचं तिथे ठेवतो आणि सकाळच्या कामाला उठतो.

आज धमकी मोबाइलवर येते. कर्जाच्या वसुलीसाठी फोन करणारा घरातल्या बायकांची नावं घेतो. कॉलेजातल्या मुलीला कुणी फोटोची भीती घालतो. शेताच्या बांधावरून भाऊबंद बघून घेण्याची भाषा करतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणावर आज असा प्रसंग असेल, तर त्याला मी हिज्कीयाची रीत सांगेन. पत्र पुसून टाकू नका आणि एकट्याने उशाखाली घेऊन झोपू नका. आधी तुमचा जो देव असेल त्याच्यापुढे ते पसरा, जसं आहे तसं. मग घरात सांगा. हिज्कीयानेही यशयाकडे माणसं पाठवली होती, त्याने एकट्याने सोसलं नाही. मग तारखेला जा. धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार गुन्हा आहे आणि निनावी धमकीला जास्तीची शिक्षा आहे. कागद जपून ठेवा, अर्ज द्या, पोच घ्या. आणि जे काम बंद पाडण्यासाठी धमकी आली आहे, ते चांगलं काम असेल तर चालू ठेवा.

आणखी एक विनंती तटावर बसलेल्यांना. आपल्यातले बरेच जण राजा नसतात, आपण तटावर असतो. शेजाऱ्याला धमकी आली की ती आपल्या कानावर पडते, आपल्याच भाषेत. रब्शाकेचा सगळा डाव आपल्यावरच असतो, की आपण घाबरून शेजाऱ्याला म्हणावं, बाबा, मिटवून टाक, आमच्या जिवाला घोर नको. यरुशलेमच्या तटावरच्या साध्या माणसांनी हे म्हटलं नाही. राजाची प्रार्थना मोठी होतीच. पण त्याला मंदिरापर्यंत चालत जाता आलं, ते त्या तटावर कुणी फितूर झालं नाही म्हणून.

ज्याच्या नावाने धमकी आली आहे, त्याच्या दारी आज संध्याकाळी जाऊन बसा. चहा मागा. एवढं आपल्याला करता येण्यासारखं आहे.

नमस्कार. खुदा हाफिज.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)